पुठ्ठ्याच्या कड्यातली फिल्म

बायकोला ठेवलेल्या दवाखान्यातून फोन आला तेव्हा फिटर पंपाचा बोल्ट आवळत होता. नर्स म्हणाली, "लवकर या." तिच्या आवाजावरूनच त्याला कळलं की आता लवकर जाऊन काही होणार नाही. त्याने बोल्ट पूर्ण आवळला, हात पुसले आणि निघाला. त्या दिवसापासून त्याला कशाचीच घाई उरली नाही.

ग्रहण मात्र थांबणार नव्हतं. नवरा-बायको दोघांनाही आकाशाचं वेड. ग्रहणाचे फोटो काढायला ती दोघं कॅमेरा मांडीवर घेऊन कुठे कुठे बसने गेली होती. हे ग्रहण घराच्याच गच्चीवरून दिसणार होतं.

"या वेळी बस नाही, उलट्या नाहीत. जिना चढला की ग्रहण," ती म्हणायची. दवाखान्यातही तिने तेच धरून ठेवलं होतं. "मी असेन, नसेन. फोटो तेवढे चुकवू नका."

तो हो म्हणाला होता.

सूर्याचा फोटो काढताना लेन्सच्या पुढे चांदीसारखी पातळ फिल्म लावावी लागते. नाहीतर ऊन भिंगात गोळा होऊन कॅमेरा जाळतं, आणि त्यातून बघणाऱ्याचा डोळाही. ती फिल्म बायकोनेच बसवली होती. ती पुस्तकबांधणीच्या कारखान्यात कामाला होती. पुठ्ठ्याची दोन कडी कापून, मधे फिल्म धरून तिने अशी चिकटवली होती की सांधा बोटाला लागायचा नाही.

ग्रहणाच्या सकाळी त्याने कपाटातून डबा काढला. डब्यावर बायकोच्या कपड्यांचा ढीग होता आणि झाकण आत दबलं होतं. त्याने नेहमीसारखी फिल्म दिव्यासमोर धरली. मधोमध एक पांढरी रेघ चमकली. फिल्म फाटली होती.

बायको गेल्यापासून त्याची थोरली बहीण घर सांभाळायला आली होती. तिचा चेहराच पडला.

"मी आपले तिचे कपडे घड्या घालून ठेवले रे. खाली काय आहे ते बघितलंच नाही."

"असू दे, ताई."

"चिकटपट्टी नाही का चालणार?"

तेवढ्यात चष्मेवाला धापा टाकत जिना चढून आला. हा त्याचा जुना दोस्त, ग्रहणाला नेहमी बरोबर असायचा. त्याने कडं हातात घेतलं आणि परत ठेवलं.

"ही गेली. माझ्याकडे नवी फिल्म आहे. कडं उकल, बदलून टाक."

"पट्टी लावली तर?" फिटरने विचारलं. उत्तर त्याला ठाऊक होतं.

"गच्चीवर तूच सगळ्यांना भाषण देतोस, पट्टीवर भरवसा ठेवू नका म्हणून. आंधळ्याला चष्मा विकता येत नाही, बाबा. माझं एक गिऱ्हाईक जाईल."

ताईला हसू आलं. तिने तोंडावर हात ठेवला.

"मग नवं कडं करू," फिटर म्हणाला.

"आता? कधी करणार?"

ताईने चष्मेवाल्याचा ग्रहणाचा चष्मा लावून खिडकीतून वर बघितलं. "अगंबाई, एक कोपरा खाल्लासुद्धा."

फिटर ब्लेड घेऊन बसला. लोखंडाला कधी न घाबरणारा हात पुठ्ठ्यावर चालेना. सांधा काही केल्या सुटत नव्हता.

"काय लावलं होतं रे वहिनींनी?" चष्मेवाल्याने विचारलं.

"खळ. घरी शिजवलेली."

मग त्याने जोर केला. पुठ्ठ्याचे पापुद्रे निघाले, कड खरबरीत झाली. जुनी फिल्म सुटून टेबलावर पडली. त्याने नवी फिल्म न ताणता सैलच बसवली, डिंक लावून कडेने कपड्यांचे चिमटे लावले. वाळल्यावर दिव्यासमोर धरून पाहिली. उजेडाचा ठिपकाही आत येत नव्हता. गच्चीवर नेऊन त्याने कडं लेन्सवर चढवलं आणि वाऱ्याने उडू नये म्हणून बाहेरून पट्टी गुंडाळली.

चष्मेवाल्याने कॅमेऱ्यावर छत्री धरली. सूर्याचा घास मोठा होत गेला, मग हळूहळू लहान झाला. फिटर बटण दाबत राहिला.

"एवढंच?" ताईने विचारलं.

"एवढंच."

सुरुवातीचे थोडे हुकले, बाकीचे फोटो नीट आले. चष्मेवाला जेवायला थांबला नाही. ताईने कपडे कपाटात परत ठेवले, या वेळी वेगळ्या फळीवर. फिटर खुर्चीत बसून राहिला.

फाटलेली फिल्म बारीक कापून टाकायची असते, म्हणजे कुणी चुकून ती डोळ्याला लावणार नाही. हे तो सगळ्यांना बजावून सांगतो. ती अजून टेबलावर आहे. कापायची राहिली आहे.