गार हातांचा पंप

भिंगरीच्या घरात इस्त्रीला कधी कोळसा लागला नाही की वीज लागली नाही. चौदावं वर्ष सरलं की घरातल्या प्रत्येकाच्या तळव्यांत ऊब उतरायची. इस्त्रीवर पंजा टेकवायचा, तीनपर्यंत मोजायचं, की इस्त्री तापली. बाबांची लॉन्ड्री त्यावरच चालायची. आत्याचा हात तर असा कडक, की तिने रागात पाण्याचा पेला धरला तर त्याला बुडबुडे यायचे.

भिंगरीच्या तळव्यांतही वेळेवर जादू उतरली, पण उलटी. पहिल्याच दिवशी तिने ओल्या सदऱ्याला हात लावला आणि सदरा फळीसारखा ताठ झाला. बाह्या पसरल्या त्या पसरलेल्याच राहिल्या.

"इस्त्रीवाल्यांच्या घरात बर्फ जन्माला आला," आत्या म्हणाली. "आता गिऱ्हाइकाने हा सदरा घालायचा की दाराशी उभा करायचा?"

बाबा हसले, पण भिंगरीचा चेहरा बघून गप्प झाले. इस्त्रीच्या टेबलापाशी तिला काही काम उरलं नाही, म्हणून ती बाबांबरोबर पाणी भरायला लागली. मागच्या विहिरीतून गच्चीवरच्या टाकीत, रोज चाळीस बादल्या. बाबांचा गुडघा पायरीपायरीला कुरकुरायचा. भिंगरी निम्म्या बादल्या मुकाट्याने वाहायची, पण घरात आपला काडीचा उपयोग नाही हे तिच्या मनातून जात नव्हतं.

एका दुपारी आत्या पत्र्याचा रिकामा डबा साफ करत होती. तळाशी थोडं पाणी घालून तिने ते हाताच्या उबेनेच उकळलं. वाफ भकाभका निघायला लागली आणि तेवढ्यात दुकानात गिऱ्हाईक आलं.

"झाकण लाव आणि डबा बाजूला ठेव गं," ती म्हणाली.

भिंगरीच्या हातांना चटका बसायचा प्रश्नच नव्हता. तिने झाकण घट्ट फिरवलं, डबा दोन्ही हातांत उचलला, आणि कडकड आवाज करत तो कागदासारखा चुरगळला.

"मी दाबला नाही," भिंगरी म्हणाली.

"नाही, तो स्वतःच लाजला," आत्या म्हणाली.

भिंगरी डबा घेऊन तडक शेजारच्या पंपवाल्या काकांकडे गेली. काका जुने पंप दुरुस्त करायचे, आणि कुणी प्रश्न विचारला की हातातला पाना खाली ठेवायचे.

"वाफेने आतली हवा हाकलली," त्यांनी डबा उलटसुलट करून पाहिला. "तू हात लावलास, वाफेचं पाणी झालं, आत काहीच उरलं नाही. मग बाहेरच्या हवेने डबा चेपला."

"हवेत एवढा जोर असतो?"

"हत्तीचा असतो. पण तो कामाला लावायला आतून वाफ गेली पाहिजे. तीही झटकन."

भिंगरी डब्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "काका, डबा चेपण्याऐवजी हवेने दट्ट्या ढकलला तर?"

काकांनी दुकानाचं दार अर्धं लोटून घेतलं. आज दुसरं काम होणार नाही, हे त्यांनी ओळखलं.

तीन आठवडे दोघं खपले. जुन्या पंपाचं नळकांडं, त्यात चामड्याचा वॉशर लावलेला दट्ट्या, आणि वर तराजूसारखा लाकडी दांडा. दांड्याच्या एका टोकाला दट्ट्या, दुसऱ्या टोकाला विहिरीचा पंप. वाफेसाठी शेजारी एक लहान बंब. तो तापवायला मात्र आत्या हवी होती.

"आत्या, तुझ्याशिवाय होणार नाही," भिंगरीने सांगितलं.

"ते मला माहीतच आहे," आत्या म्हणाली आणि पदर खोचून बसली.

पहिल्या दिवशी फजितीच झाली. भिंगरीने जीव खाऊन नळकांडं धरलं, आत बर्फ झाला आणि दट्ट्या अडकून बसला. दुसऱ्या दिवशी आत्याने इतकी ऊब दिली की बंबाचं झाकण उडून काकांच्या टोपीसकट कुंपणापार गेलं. दोघी एकमेकींवर खेकसल्या. शेवटी बाबा मध्ये येऊन बसले. "मी वाफेची तोटी फिरवतो. मी म्हणेन तेव्हाच हात लावायचा. भिंगरी, तू फक्त दोन बोटं."

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी वाफ सोडली, दट्ट्या वर गेला, तोटी बंद झाली. "हं," ते म्हणाले. भिंगरीने दोन बोटं टेकवली. दट्ट्या खाली बसला, दांडा कलला आणि गच्चीवरच्या टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला.

मग बाबांनी पुन्हा तोटी फिरवली. हं. पुन्हा पाणी. दहाव्या खेपेला आत्याला लय सापडली आणि ती गुणगुणायला लागली. बाबा मांडीवर ठेका धरत होते.

"पोरीच्या बोटांत कसब आहे," आत्या काकांना म्हणाली, भिंगरीला ऐकू जाईल अशा बेताने. "मला तर इतक्या हळू हात लावणं जन्मात जमलं नसतं."

भिंगरीचे कान लाल झाले. थांबायचं कुणालाच सुचलं नाही. टाकी भरली, भरून वाहायला लागली, आणि दोरीवरच्या सगळ्या वाळलेल्या चादरींवर धो धो पाणी कोसळलं.

आत्याने कपाळावर हात मारला. बाबा इतके हसले की त्यांना तोटी धरवेना.

दुपारभर सगळ्यांनी मिळून चादरी पिळल्या. भिंगरी मात्र अर्ध्यातच उठली आणि ओल्या हातांनीच काकांच्या दुकानाकडे पळाली. टाकी भरल्यावर हे आपोआप कसं थांबवायचं, ते तिला विचारायचं होतं.

"जाऊ दे तिला," मागून आत्या म्हणाली. "तिच्या वाटच्या चादरी मी पिळते."