उकंडाचा दात, क्लॅरनेट आणि चोवीस दिवस

हलतो.

जिभेनं ढकलून पाहिला. हलतोच! वरचा, पुढचा, नेमका तोच दात, ज्यावर बावीस वर्षं क्लॅरनेट टेकत आली. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीला चोवीस दिवस, आणि घाटंजीच्या या बँडमध्ये उकंडाशिवाय दुसरा क्लॅरनेटवाला नाही.

"खर्रा दाब तिथं," ढोलवाला धम्मरत्न म्हणाला. "रक्त बंद!"

तंबाखू-सुपारीचा खर्रा, उकंडाचाही हाच इलाज होता. ब्रश केला की हिरडीतून रक्त, म्हणून ब्रश सोडला. खर्रा दाबला की रक्त नाही. रक्त नाही म्हणजे रोग नाही.

तेवीस दिवस उरले. दवाखाना. आरसा.

"हा दगडासारखा थर पाहा काका," डॉक्टर अर्पिता म्हणाली. "तंबाखूनं रक्त दबतं, रोग नाही. खालचं हाड झिजत राहतं. मी दात साफ करते. तुम्ही खर्रा बंद करा. मऊ ब्रश, दोनदा, रक्त आलं तरी."

"पण दात राह्यते का?"

"हाडानं अजून धरलाय. बघू."

बघू!

चौदा दिवस उरले आणि ब्रश लालभडक. पहिल्यापेक्षा जास्त!

"पाह्य साधना, त्या पोरीनं बिघडवलं सारं!"

"मले काय दाखवता?" बायको म्हणाली. "तिले दाखवा न जाऊन. आन खिशातली पुडी इथं ठेवा, मले दिसून राह्यली."

नऊ दिवसांनी पहिल्यांदा आणलेली खर्र्याची पुडी न फोडताच राहिली. उकंडा पळाला.

डॉक्टर रक्त पाहून चक्क हसली. "खर्रा खरंच सोडला तुम्ही! तंबाखूनं हिरडीच्या रक्तवाहिन्या आवळल्या होत्या, त्या सुटल्या. सूज आधीपासून होती, आता दिसतेय. ब्रश थांबवू नका."

थांबवतो काय! सकाळी, रात्री. नऊ: लाल. सहा: गुलाबी. तीन: गुलाबी, अगदी फिकट. एक:

फेस. पांढरा! साधना, पांढरा!

चौदा एप्रिल. निळे झेंडे, गर्दी, ढोल. उकंडानं क्लॅरनेट ओठांत धरली, दात टेकवला. दाबला. हलतो? जरासा. पण धरून आहे. धरून आहे! सूर चढला, आणखी चढला.

"काय बे, दात हाय का गेला?" ढोल बडवत धम्मरत्न ओरडला.

उकंडाच्या तोंडात क्लॅरनेट होती. त्यानं आणखी वरचा सूर लावला आणि सोडलाच नाही.

चौकात ढोल थांबला तेव्हा धम्मरत्न जवळ आला, गालातला खर्रा एका बाजूला करून पुटपुटला, "थो दवाखाना किती वाजता उघडते?"