कडब्याखाली लपवलेली गाडी

मी एक पांढरी मोटारगाडी. फायनान्सवाल्यांच्या यार्डात, ओढून आणलेल्या गाड्यांच्या रांगेत उभी राहून बोलतेय. मला मात्र कुणी ओढून आणलेलं नाही. मी इथं कशी आले, तेवढंच सांगायचंय.

शोरूममध्ये होते तेव्हा मला भारी मिजास होती. काचेआडून मी येणाऱ्या-जाणाऱ्यांचे खिसे जोखत बसायची. बद्रीनाथ आत आला तेव्हाच मी ओळखलं, याला मी झेपणार नाही. वाळूजच्या कारखान्यात नोकरी, पगार बेताचा, दाराशी धडधाकट मोटारसायकल. पण त्याच्या साडूनं नुकतीच गाडी घेतली होती, आणि तेव्हापासून याची झोप उडाली होती.

"महिन्याला एवढासाच तर हप्ता," सेल्समन म्हणाला. विमा, पेट्रोल, टायर यांचं नावही कुणी काढलं नाही. बद्रीनाथनं विचारलं नाही. तेव्हा बोलता आलं असतं, तर मीच त्याला दारातून परत पाठवलं असतं.

जामीनदार हवा होता. साडूपुढं तोंड उघडायची बद्रीनाथला लाज वाटली, म्हणून तो शहागंजात चांदपाशाकडं गेला. चांदपाशाचं तिथं बांगड्यांचं दुकान. दोघं शाळेपासूनचे दोस्त.

"तू म्हनतोस ना बद्री, मग वाचायचं काय त्यात? सही कुठं करू ते दाखव," चांदपाशा म्हणाला.

पहिलं वर्ष थाटात गेलं. म्हैसमाळ झालं, वेरूळ झालं, दोन-तीन नवरदेवही मिरवून झाले. मग कारखान्यातला ओव्हरटाइम बंद झाला. हप्ते थकले. फोन वाजला की बद्रीनाथ तो उशीखाली सारायचा. सरूबाई, त्याची बायको, एकदा म्हणाली, "गाडी देऊन टाका. दिखाव्यापायी उगं जीव टांगनीला नको." तर तो तिच्यावरच खेकसला.

एका पहाटे त्यानं मला देवगाव रंगारीला, आपल्या सासुरवाडीला नेलं. गोठ्यामागं उभी केली आणि अंगावर कडबा रचला. सासरी सांगितलं, शहरात गाडी लावायला जागा नाही. चांदपाशाला सांगितलं, कंपनीनं गाडी ओढून नेली, तू सुटलास. माझी मिजास त्या कडब्यातच जिरली.

वसुलीवाले गाडी शोधत बसले नाहीत. ते जामीनदाराकडं गेले. रोज दोघं येऊन चांदपाशाच्या दुकानाच्या पायरीवर बसायचे. त्यांना बघून बायका बाहेरूनच परत फिरायच्या. दुकानावर जप्ती आणू, अशी धमकीही त्यांनी दिली. दर रविवारी बद्रीनाथ मला चालू करून बघायला यायचा, तेव्हा फोनवर चांदपाशाचा आवाज मला ऐकू यायचा. "कंपनीनं नेली म्हनतोस, मग हे लोक गाडी कुठंय म्हनून मलाच का इचारतेत? माझं दुकान चाललं रे."

"बघतो," म्हणून बद्रीनाथ फोन ठेवायचा. मला त्याचा संताप यायचा.

दसरा आला. बद्रीनाथ आणि सरूबाई देवगावला आले होते. सासूबाई भागूबाईंना आतलं काहीच ठाऊक नव्हतं. "दाराशी वाहन असून पुजायचं नाय व्हय?" म्हणत त्यांनी कडबा काढायला लावला. मला धुतलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. बद्रीनाथ आंघोळ करून बाहेर येईपर्यंत मेहुण्यानं माझा फोटो काढून स्टेटसला टाकलाही होता.

संध्याकाळी अंगणात चांदपाशा उभा. दरवर्षी तो बद्रीनाथच्या घरी सोनं द्यायला जायचा. यंदा मेहुण्याच्या स्टेटसवर मला बघून तो एसटीनं थेट इथं आला होता. मला वाटलं, आता हा ओरडणार. त्यानं माझ्याकडं नीट बघून घेतलं आणि आपट्याची पानं पुढं केली.

"घे, सोनं घे."

बद्रीनाथचा हात काही पुढं होईना.

"घे ना. वसुलीवाल्यांला मी अजून नाय सांगितलं, गाडी कुठं हाय ते. सांगू का नको, ते तू सांग."

सरूबाई दारात येऊन थांबली होती. मी घाबरले ते एवढ्यासाठी, की बद्रीनाथ नको म्हणाला असता तर हा माणूस खरंच गप्प राहिला असता आणि दुकान जाऊ दिलं असतं.

"नको सांगू," बद्रीनाथ म्हणाला. संपलं, मला वाटलं. मग त्यानं पानं घेतली. "मीच सांगतो. उद्या सकाळी दोघं जाऊ."

सकाळी निघालो. चांदपाशाच्या सहीवर मी रस्त्यावर आले होते, पण तो माझ्यात बसला तो त्या दिवशी पहिल्यांदा. सीटच्या अगदी कडेला, परक्याच्या घरी बसावं तसा.

यार्डातल्या साहेबानं विचारलं, "लिलावात कर्जापेक्षा कमी पैसे आले तर बाकी कुणाकडून घ्यायची?"

"माझ्याकडून," बद्रीनाथ म्हणाला. "दर महिन्याला पगारातून भरतो, लिहून घ्या. ह्याच्या पायरीवर आता कोनी बसायचं नाय." आणि त्यानं चावी टेबलावर ठेवली.

आता माझा लिलाव होईल. तुमच्यापैकी कुणीतरी मला न्यायला येईल. जरूर या, टायर दाबून बघा, बॉनेट उघडून बघा. कर्ज काढून घेणार असाल तर मात्र तुमच्यासाठी सही करणाऱ्याला आधी शेजारी बसवून एक चक्कर मारून आणा. हप्ता थकला तर तुम्ही काय कराल, ते त्याला तिथंच, त्याच्याकडं बघून सांगा. सांगता आलं नाही, तर मला इथंच उभी राहू द्या.