वाढत्या अंगाची

"जरा मोठी काढा ना भिया. वाढत्या अंगाची," नाना, म्हणजे माझे वडील, म्हणाले.

वाद्यांचे दुकानदार रामगोपालजींनी माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा चौदा वर्षांची, भराभर उंच होत चाललेली. "बिटिया सीखेगी?"

"सुमन नाही हो, ये सीखेंगी," म्हणत नानांनी आईकडे बोट केलं. आई त्रेचाळीस वर्षांची होती आणि तिची उंची केव्हाच थांबली होती.

आमच्या घरात मापाची वस्तू घ्यायची चालच नव्हती. "कपडा आटतो आणि माणूस वाढतो," हा नानांचा सिद्धांत. माझा फ्रॉक पहिल्या वर्षी घोट्यांपर्यंत यायचा आणि मापाचा व्हायचा तोवर विरलेला असायचा. आईच्या लग्नातल्या चपला मोठ्या, म्हणून पुढे कापूस कोंबलेला. वीस वर्षांनंतरच्या नव्या चपलांतही कापूस होताच. नानांनी दिलेलं मनगटी घड्याळ तर तिच्या कोपरापर्यंत फिरून यायचं. वेळ बघायची तर आधी घड्याळ शोधावं लागे.

नाना मध्यभारत सरकारच्या कचेरीत कारकून. सरकार उन्हाळ्यात इंदूरला, हिवाळ्यात ग्वाल्हेरला, आणि दप्तरांच्या गठ्ठ्यांबरोबर नानाही. आई मिशनच्या शाळेत शिवण शिकवायची. तिथल्या गाण्याच्या बाई प्रार्थनेला गिटार वाजवत. तीन वर्षं ऐकून ऐकून शेवटी आईनं घरी विषय काढला. नाना दोन दिवस हसत होते. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "तुम्ही ग्वाल्हेरला गेलात की माझी संध्याकाळ सरत नाही." तेव्हा त्यांचं हसू थांबलं.

"चला मग. पण घ्यायची तर जन्माची घ्यायची," असं म्हणून ते आम्हाला राजवाड्यामागच्या या दुकानात घेऊन आले होते.

रामगोपालजींनी मोठी गिटार आईच्या मांडीवर ठेवली. आई दिसेनाशी झाली. गिटारीच्या वरच्या कडेवर तिची हनुवटी टेकली होती आणि उजवा हात तारांपर्यंत न्यायचा तर खांदा कानाला लागत होता. डावा हात पार टोकाला पोचवताना ती स्टुलावरून कलंडायलाच आली.

"वा! भरल्यासारखी वाटते," नाना म्हणाले.

मला हसू आवरेना. रामगोपालजींनी मात्र मान हलवली. "नहीं साहब. कंधा उठा तो बाजा गया." त्यांनी आतून एक धाकटी गिटार आणली. महूच्या छावणीतला कुणी साहेब विलायतेला परत जाताना आपल्या मुलीची गिटार विकून गेला होता. तिच्या पाठीवर एक ओरखडाही होता.

ती मांडीवर घेतल्यावर आईचा खांदा खाली आला. कोपर सहज दुमडलं. डाव्या हाताची बोटं पहिल्या पट्टीवर जाऊन टेकली. तिनं एक तार छेडली आणि तिचा चेहरा असा काही उजळला की मी हसायचं विसरले.

"अगं, ही तर पोरांची!" नाना कळवळले. "मोठी घे. उद्या सुमन वाजवेल, परसों तिची मुलं वाजवतील. ही पुढे किसके काम की?"

आईनं गिटार खाली ठेवली नाही. "अहो, कासार आधी माझा हात दाबून बघतो, मग बांगडी चढवतो. बांगड्या सोडल्या तर माझ्या मापाचं आजवर काही आलंच नाही."

"पण..."

"मी आता वाढायची नाही हो."

नानांनी पाकीट काढलं. रामगोपालजी उगाच काउंटर पुसू लागले.

स्नेहलतागंजातल्या घरापर्यंत गिटार नानांनीच उचलून आणली. वाटेत ओळखीच्या एकानं विचारलं, "क्यों भिया, बच्चे के लिए?" नाना छाती काढून म्हणाले, "नहीं. मास्टरनी बाई की है!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी गिटारीला खोळ शिवून आणली. अर्थातच चार बोटं मोठी. "राहू दे, आटते," ते म्हणाले. खिळाही ठोकला, पण आपल्या उंचीचा. आईचा हात पोचेना. मग नानांनी दुसरा ठोकला, पाटावर बसल्या बसल्या तिचा हात पोचेल इतका खाली.

त्या खिळ्यावर गिटार पुष्कळ वर्षं राहिली. आईला फार काही येत होतं असं नाही. चार-पाच धुनी यायच्या, त्याच ती रोज वाजवायची आणि आम्हाला त्या आवडायच्या.

आई गेली त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी माहेरी आले होते. माझ्या नऊ वर्षांच्या लीलानं गिटार काढून मांडीवर घेतली. खांदा खाली, कोपर दुमडलेलं, बोटं बरोबर पट्टीवर.

"आई, देखो ना, बरोब्बर माझ्या मापाची!"

नाना काठी टेकत उठले आणि त्यांनी ती अलगद तिच्याकडून घेतली.

"नको बेटा, ही उद्या लहान होईल तुला. तुझ्यासाठी मोठी घेऊ आपण. वाढत्या अंगाची."

मग त्यांनी गिटार खोळीत घातली, जास्तीची चार बोटं नीट दुमडली आणि ती परत त्या खालच्या खिळ्याला अडकवली. त्यासाठी त्यांना बरंच वाकावं लागलं.