पाहुण्यांपुरतं शुद्ध
रायपूरच्या आमच्या मराठी मंडळाचा एक अलिखित नियम आहे: माईकसमोर उभं राहिलं की प्रत्येकाने पुण्याचं व्हायचं. घरी 'मले भूक लागली' म्हणणारा माणूस माईक हातात येताच 'उपस्थित रसिकहो' म्हणतो, आणि मागच्या रांगेत त्याचीच पोरं 'पापा, कब खत्म होगा?' विचारत असतात. मी या मंडळाचा सचिव, भार्गव. आमचे पूर्वज भोसल्यांच्या फौजेबरोबर रायपुरात आले, हे मी कुणी न विचारता सांगतो.

गेल्या वर्षी रुचिता मेश्राम माझ्याकडे आली. एका कॉलेजात भाषाशास्त्र शिकवते, तेही ठेक्यावर. पाच वर्षं ती रायपूरची मराठी रेकॉर्ड करत होती. मिसळलेल्या भाषांचा अभ्यास करणारे जगभरचे विद्वान दर तीन वर्षांनी एका शहरात परिषद भरवतात. पुढच्या परिषदेसाठी शेवटी दोनच शहरं उरली होती, थायलंडमधलं चिआंग माई आणि आपलं रायपूर. त्यांच्याकडे डोंगर, हॉटेलं, समुद्रापलीकडून येणारी विमानं. आपल्याकडे रुचिताचा अभ्यास.

"समितीचे दोघं पाहाले येऊन राहिले," ती म्हणाली. "त्यायले हॉल नाही पाह्यचा, भैया. लोकं कसे बोलतात ते ऐकायचं आहे. आत्या बोलली की झालं. मंडळाचं पत्र अन् एक सकाळ, बस."

आत्या म्हणजे तिच्या आत्या, गुढियारी मोहल्ल्यातल्या कांताबाई. नवऱ्याच्या जागी रेल्वेत लागल्या, तीस वर्षं पार्सल ऑफिसात काढली. त्या बोलायला लागल्या की हमालसुद्धा हातगाडी थांबवून ऐकायचे, असं म्हणतात. परिषद रायपुरात झाली तर उद्घाटनाला मंत्र्याचं भाषण नाही, कांताबाईंची गोष्ट होणार होती. रुचिताने हे मला सांगितलं तेव्हा तिचे डोळे चमकले होते. मला आपलं मंत्र्याचं वाईट वाटलं.

अध्यक्ष श्यामकांतजींनी तातडीने बैठक बोलावली. "जगातले विद्वान येणार, आणि त्यांच्यासमोर 'काहून' नि 'पोट्टा'? इज्जतीचा फालुदा होईल!" लगेच ठराव झाला. निवडक वक्त्यांसाठी आठ दिवसांचा शुद्ध मराठी वर्ग. शिकवणार अध्यक्षांच्या सूनबाई इरावती. त्या दोन वर्षं पुण्यात होस्टेलवर राहिल्या होत्या, आणि एवढ्या पुण्याईवर रायपुरात भाषेचा शेवटचा शब्द त्यांचा असतो.

रुचिताला यातलं काही माहीत नव्हतं. ती त्या आठवड्यात परवानग्यांसाठी नवा रायपूरच्या रुंद, रिकाम्या रस्त्यांवर बसची वाट बघत होती. कांताबाईंना वर्गाला आणायचं काम माझ्याकडे आलं.

"काहून, माह्या बोलण्यात खोट हाय का?" त्यांनी विचारलं.

"खोट कसली, कांताबाई! पण पाहुणे बाहेरचे. रुचीचं काम व्हावं असं वाटते ना तुमाले?"

एवढं पुरलं. बाईंनी चष्मा लावून इरावतीने लिहिलेलं पान आठ दिवसांत तोंडपाठ केलं.

ठरलेल्या सकाळी पाहुणे मंडळाच्या हॉलमध्ये आले. एक होते वहीत खाली मान घालून लिहिणारे गृहस्थ. दुसऱ्या फिनलंडच्या प्राध्यापक, लीना. त्या बोलल्या आणि हॉलमधल्या सगळ्या माना वळल्या.

"नमस्कार आजी. तुमी रायपूरले कवा आल्या?"

या बाई अमरावतीकडच्या एका खेड्यात चार वर्षं राहून मराठी शिकल्या होत्या. श्यामकांतजी माझ्या कानात पुटपुटले, "अरेरे, हिला कुणी बिघडवली?"

कांताबाईंनी माझ्याकडे पाहिलं. आता काय करू, असं ते बघणं होतं. मी मान हलवली, म्हणजे पाठ केलंय तेच म्हणा.

"माझे यजमान लोहमार्ग सेवेत कार्यरत होते," कांताबाई म्हणाल्या. "त्यांच्यासमवेत मी या नगरीत पदार्पण केले."

"अन् मंग?" लीनाबाईंनी हसून विचारलं.

"मंग नाही. तदनंतर, असे म्हणावे," कांताबाईंनी त्यांनाच सुधारलं.

टाळ्यांचा कडकडाट झाला. दाराशी उभी असलेली रुचिता पांढरीफटक पडली होती. तिने घाईघाईने लॅपटॉपवर कांताबाईंची जुनी रेकॉर्डिंगं लावली. लीनाबाईंनी ती ऐकली, कांताबाईंकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "ह्या बाई अन् त्या बाई एकच हाय का?"

महिन्याने पत्र आलं. प्रस्तावात वर्णन केलेली बोली प्रत्यक्ष भेटीत आढळली नाही. ध्वनिमुद्रणं कोणत्या परिस्थितीत झाली याविषयी समितीला शंका आहे. परिषद चिआंग माईला. त्याच पत्रात एक ओळ अशीही होती की रायपूरकरांची मराठी अत्यंत प्रमाण आहे. श्यामकांतजींनी ते पत्र फ्रेम करून हॉलमध्ये टांगलं.

रुचिता पुन्हा माझ्याकडे आली. "मंडळानं आठ दिवस शिकवलं, एवढंच लिहून द्या, भैया. परिषद गेली तर गेली. पन मी खोटं रेकॉर्डिंग केलं असं म्हनून राहिले ते."

दोन ओळींचं काम होतं. मी लेटरहेड काढलंसुद्धा. मग मंडळाची बदनामी होईल, असं मी तिला सांगितलं आणि लेटरहेड परत ड्रॉवरमध्ये ठेवलं. तिने पिशवी उचलली आणि ती निघून गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

शेवटी राहवेना, म्हणून एका रविवारी मी गुढियारीला गेलो. कांताबाई खाटेवर बसल्या होत्या, समोर रुचिता रेकॉर्डर घेऊन. "बोल ना आत्या, पार्सल ऑफिसातलं सांग."

मला पाहताच कांताबाई उठल्या, पदर सावरला. "आइए सर, बैठिए."

"दोन महिने झाले," रुचिता माझ्याकडे न बघता म्हणाली. "माह्यासोबतही हिंदीतच बोलते."

"हिंदी में गलती हो जाए तो कोई टोकता नहीं ना, सर," कांताबाई हसत म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

रुचिताने रेकॉर्डर बंद केला. चहा आला. कांताबाई माझ्या तोंडाकडे बघत उभ्या होत्या. मराठीत काय बोलावं ते मला सुचेना, म्हणून मीही म्हणालो, "अच्छी बनी है."