उसनी मावशी

"घोळ मासा एवढा मोठा," मी सांगत होते, "की माझा बाप होडी समजून त्याच्यावरच उभा राहिला. खाडीत शिरल्यावर कळलं, होडी मागेच राहिली."

कोपरला खाडीकाठच्या मांडवात हळद चाललेली. बायजा हसून हसून माझ्या अंगावर कलंडली. "कमळाबाय, तू मेल्यावर तुझी जीभ वेगळी जाळावी लागंल गो."

बायजाची विधवा सून मंजुळा मागे बसलेली. ती हसत नव्हती. सारखी मांडवाच्या दाराकडे बघत होती. मलाही बसवत नव्हतं.

साल अठ्ठ्याण्णव. मी कोणाची मावशी नव्हते. ठाण्याला नीलाताईंच्या संस्थेत कामाला होते. एचआयव्हीवाल्यांना इस्पितळात न्यायचं, टीबीच्या गोळ्या चुकू द्यायच्या नाहीत, आणि त्यांनी सांगितल्याशिवाय घरात कोणाला कळू द्यायचं नाही. म्हणून घरोघरी मी वेगळी असायचे. कुठे बांगडीवाली, कुठे आत्या. कुठे काय थाप मारली त्याचा नीलाताईंनी फायलीत कागदच लावलेला, कारण मी विसरायचे आणि वर भर घालायचे.

बायजाकडे मी मंजुळाची चुलत मावशी. मला साखर आहे, इस्पितळात चक्कर येते, म्हणून दर गुरुवारी भाची सोबतीला लागते. बायजाच्या समजुतीप्रमाणे पोरगा छातीच्या दुखण्याने गेला. त्याला आणि मंजुळाला एचआयव्ही, हे कळलं असतं तर पाच वर्षांच्या नातीला, जनीला, ठेवून घेऊन मंजुळाला बाहेर काढली असती. त्याच गल्लीत रामाच्या बायकोला तशीच काढलेली. आणि मंजुळाच्या टीबीच्या गोळ्यांचे तीन महिने बाकी होते.

"हळदीला जाऊ नका," नीलाताई म्हणालेल्या. "चार गावची माणसं येतात तिथे." पण मावशी म्हणून मानाने बोलावणं आलेलं. मला कोण कुठे मानाने बोलावतंय? गेले.

माजिवड्याहून बायजाची भाची कलावती आलेली. हळदीची वाटी घेऊन माझ्यापुढे थांबली.

"मावशी, तुम्हाला मी बघितलंय. बहिणीच्या बाळंतपणाला गेलेले ना ठाण्याला, तेव्हा. तुम्ही नि मंजुळा. त्या एड्सच्या खोलीबाहेर बाकावर."

खोडी म्हणून नाही, सहज बोलली. लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण गातच होती, पण आमच्याभोवतीच्या बायका वळून बघायला लागल्या. बायजा सरळ बसली.

"तिथं काय काम होतं?"

विचारलं मंजुळाला. मंजुळा मांडीवरच्या जनीच्या फ्रॉकचं बटण लावत होती, काढत होती, परत लावत होती.

"तिला काय विचारतेस? मला विचार," मी म्हटलं. "साखरबिखर काही नाही मला. तोच रोग आहे. नवरा शीळफाट्याला ट्रकवर होता, तो देऊन गेला. ही पोर बिचारी सोबत येते, तोंड मिटून."

माझा नवरा मोरू. जन्मभर जाळी विणली त्याने. खाडीपलीकडे सासरवाडीला जायचं म्हटलं तरी घाम फुटायचा त्याला. मनात म्हटलं, माफ कर रे.

"थापा मारतेस," बायजा म्हणाली. तिला ती थापच निघायला हवी होती.

"अशी थाप कोण मारेल, बायजा?"

 ती पदर गोळा करून हातभर लांब सरकली. बाकीच्याही सरकल्या. कलावतीने वाटी खाली ठेवली आणि हात धुवायला गेली.

"मंजुळे, ऊठ तिथनं," बायजा म्हणाली.

मंजुळा उठली. तिचं तोंड उघडलेलं बघितलं आणि मी असे डोळे वटारले की जनीसुद्धा घाबरली. जनीला उचलून ती पार मांडवाच्या टोकाला जाऊन बसली.

मला पत्रावळ दाराबाहेर दिली. मटण झकास होतं. दोनदा मागून घेतलं.

निघताना बायजा आली, पण चार पावलं लांबच उभी राहिली. "गुरुवारी येईल ती. एकटी कुठं मरशील इस्पितळात? पण हात लावायचा नाही तिला. चालायचं पण लांबून."

गुरुवारी सगळी गल्ली दारात उभी. मी पुढे, मंजुळा दहा पावलं मागे. तिला दम लागत होता, मधेच खोकत होती. मागे वळून बघायची सोय नव्हती. मी गुडघा धरला, लंगडायला लागले, आणि रस्ताभर तिच्या चपलांचा आवाज ऐकत हळूहळू चालले.