निवडीची घोडी

कसबा बावड्याच्या टोकाला, जिथं एका अंगाला ऊस आणि दुसऱ्या अंगाला नव्या इमारतीच्या गॅलऱ्यांत वाळत घातलेली धुणी दिसतात, तिथं अंबूबाईची पागा. पागा म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड. पण तिला शेड म्हणणाऱ्याला अंबूबाई चहासुद्धा विचारत नाही. लग्नाची घोडी, शर्यतीच्या गाडीचं घोडं, जे लागेल ते या पागेत जन्माला येतं, आणि कुठली घोडी ठेवायची, कुठली काढायची, हा शब्द तिचा. ती दुसरीपर्यंत शिकली. पुढं न गेल्यानं शाळेचं काय नुकसान झालं ते शाळेनं बघावं, असं तिचं म्हणणं.

"घोड्याचं काम घटकेचं," असं ती आल्यागेल्याला सांगायची. "घोडीचं अकरा महिन्याचं, आणि वर दुधाचं. तरी समदी इचारत्यात, बाप कोण?" ऐकणारा पुरुष असला की तो चहाच्या कपात बघायला लागायचा.

घोडी बघायला गेली की अंबूबाई आधी घोडीकडं बघतच नसे. तिचं शिंगरू कुठं आहे ते बघायची. आईच्या सावलीत पाय ताणून झोपलं असेल तर पुढची बोलणी. मग मागं जाऊन कंबरेचं हाड, मग कास, मग खूर, आणि तोंड अगदी शेवटी. "तोंड बघून सुना आणत्यात, आणि मग भोगत्यात," हे ती थोरल्या सुनेच्या, वर्षाराणीच्या, देखतच म्हणे.

"माझं तोंड तरी बघितलासा, आत्या," वर्षाराणी म्हणायची. "भोपळीचं काय बघून आणलासा?"

प्रश्न रास्त होता. भोपळी ही पागेतली घोडी. तिचा खालचा ओठ लोंबलेला, पोट सदा गाभण असल्यासारखं, रंग पावसात भिजलेल्या पोत्याचा, आणि एका कानाचं टोक लहानपणी कुणी तरी चावून नेलेलं. पण इचलकरंजीपासून चिक्कोडीपर्यंत शर्यतीत ज्यांनी नाव काढलं, ती या पागेतली जनावरं एक तर भोपळीच्या पोटची होती, नाही तर भोपळीच्या दुधावरची. शेजारी बांधलेली चांदणी पांढरीफेक, मान अशी की लग्नात नवरदेवापेक्षा तिचेच फोटो जास्त निघायचे. पण व्याली की आठवडा सरायच्या आत ती शिंगराला लाथेनंच सांगायची की बाबा, आपलं आपण बघ. ते बिचारं भोपळीच्या कासेला जाऊन चिकटायचं, आणि भोपळी डोळे मिटून उभी राहायची. तिसरी हरणी तरणी होती, दोघींकडं बघून शिकत होती. काय शिकत होती ते अजून कळायचं होतं.

अंबूबाईच्या डोक्यात सगळं ठरलेलं होतं. भोपळीच्या अजून दोन लेकी ठेवायच्या, मग पागेला शंभर वर्षं मरण नाही. आणि नेमकी ती भाचीच्या लग्नाला गारगोटीला गेली, तेवढ्यात लेकानं घात केला.

हा थोरला लेक विजयसिंह, वर्षाराणीचा नवरा. घोड्यांना खरारा करावा तर यानंच, पण व्यवहाराला बसला की जेवणाच्या ताटावरच शब्द देऊन टाकायचा. उचगावच्या गणपतरावाचा बादल म्हणून घोडा होता, त्याच्याशी तिन्ही घोड्या फळवून घ्यायच्या होत्या. गणपतराव पैसे घेईना. म्हणाला, शिंगरं जमिनीवर आली की मी येतो, तुमच्या पागेतली माझ्या निवडीची एक घोडी नेतो. विजयसिंहानं मटणाचा तुकडा चावता चावता मान हलवली.

"मान हलवलीस ती हलवलीस, निदान 'भोपळी सोडून' एवढं तरी म्हणायचंस," अंबूबाई म्हणाली.

"आई, चांदणी उभी असताना भोपळीकडं कोण बघतंय?"

"मी बघितलंय न्हवं? मग जगात आणि एखादा शाना असंलच की."

शब्द फिरवायची सोय नव्हती. अंबूबाईच्या घरात दिलेला शब्द आणि लावलेली मेंदी सारखीच; आपोआप जाईल तेव्हा जायची. तिन्ही घोड्या व्याल्या, शिंगरं उड्या मारायला लागली, आणि उचगावातनं निरोप आला की सोमवारी येतोय.

"भोपळीला मागच्या गोठ्यात बांधूया का?" वर्षाराणीनं विचारलं.

"लपवू? ती काय चोरीची हाय?" अंबूबाई म्हणाली. मग थोडा वेळ सुपारी कातरत बसली. "येऊ दे त्येला. बघू दे. मी फकस्त एक करणार. बोलणार न्हाई."

विजयसिंह हसला. वर्षाराणीनं हसू पदरात घेतलं. "आत्या, तुम्ही भाजी चिरताना विळीसंगं भांडताय."

"ते येगळं. विळी बोथट हाय."

सोमवारी सकाळी गणपतराव आला तो डोळ्यांवर गॉगल लावून, जीप घेऊन, आणि मागं घोडा न्यायचा टेम्पो. जीपमध्ये पुढच्या सीटवर त्याची आई धोंडुबाई. अंबूबाईच्याच वयाची, गुडघ्यांनी जेर झालेली, डॉक्टरकडं जायचं म्हणून सोबत आलेली. ती काही उतरली नाही. काच खाली करून तिनं नुसती मान डोलावली, अंबूबाईनंही डोलावली. दोघींचं पटत नव्हतं असं नाही. पण दोघींना बोलायचं असायचं आणि ऐकायचं कुणालाच नसायचं.

गणपतरावानं खिशातनं कागदाची पुडी काढली. "आक्का, काल जोतिबाला गेलतो. गुलाल आणलाय."

अंबूबाई एक पाऊल मागं सरली. या दोन घरांत जुना रिवाज होता. जनावराच्या व्यवहारात जोतिबाचा गुलाल कपाळाला लागला की विचारलेलं खरं सांगायचं. न विचारलेलं सांगायची सक्ती नव्हती. ती असती तर आजवर एकही जनावर विकलं गेलं नसतं.

"इस्वास न्हाई वाटतं, पावणं?"

"तुमच्यावर हाय. तुमच्या जिभेवर न्हाई."

तिनं कपाळ पुढं केलं, गुलाल लावून घेतला आणि सुपारीचं मोठं खांड तोंडात टाकलं. तोंड कामात असलं म्हणजे घसरत नाही.

गणपतराव आधी चांदणीकडं गेला. टेप काढून उंची मोजली. आयाळ बाजूला करून मानेवरचे केसांचे भोवरे बघितले, कपाळावरचा बघितला, पोटाखाली वाकून बघितलं. "हिचा बाप कोण?"

"अकलूजच्या बाजारात ज्याला हार घातला, त्यो लाल."

"आणि त्याचा बाप?"

"त्योबी सांगते," म्हणून तिनं चांदणीच्या बापाच्या बापाच्या बापापर्यंत जाऊन पोचवलं. सगळं खरं होतं. आई कशी होती, हे गणपतरावानं विचारलं नाही.

"हे शिंगरू हिचंच?"

"हिचंच."

शिंगरू खरंच देखणं होतं. पाय काठीसारखे सरळ, अंगाला चकाकी. गणपतरावानं त्याच्या पाठीवर थाप मारली. "बघा, शिंगरावरनं आई कळती," तो म्हणाला, आणि अंबूबाईनं सुपारी कडाडून फोडली. निम्मं वाक्य बरोबर होतं, निम्मं दुसऱ्याच घोडीच्या नावानं होतं. तिच्या जिभेच्या टोकावर उत्तर येऊन बसलं, पण विचारलं कुणी होतं?

मग तो हरणीवरनं नजर फिरवून भोपळीपाशी थांबला. अंबूबाईनं सुपारी चावायची थांबवली.

"ही काय?"

"घोडी."

"ते दिसतंय. पोटात काय हाय, पेटी का तबला?"

वर्षाराणी गोठ्याच्या दाराशी उभी होती. तिनं सासूकडं बघितलं. सासूच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"आक्का, हा ओठ बघा. पायपुसणं वाळत घातल्यागत. बाप कोण हिचा?"

"ठावं न्हाई. आई ठावं हाय. आईची आईबी ठावं हाय."

"बाप ठावं न्हाई म्हंजे ऱ्हायलंच की," गणपतराव म्हणाला. "आणि कान कुणी खाल्ला?"

आता मात्र अंबूबाईला राहवेना. जिच्या पोटानं ही पागा उभी केली, तिला हा गॉगलवाला पायपुसणं म्हणतोय. तिनं सुपारी गालात सरकवली, तोंड उघडलं, तेवढ्यात वर्षाराणीनं मागनं येऊन कोपराला असा चिमटा काढला की अंबूबाईच्या तोंडातनं शब्दाऐवजी नुसताच "हां" निघाला. साठीतल्या सासूला सुनेनं चिमटा काढण्याची त्या घरातली ती पहिली वेळ. हिशोब नंतर करू, असं अंबूबाईनं डोळ्यांनी सांगितलं.

गणपतराव वळला होता. चांदणीचा दोर सोडायला त्यानं हात घातला. आणि त्याच वेळी चांदणीच्या त्या देखण्या शिंगराला भूक लागली. ते आईकडं गेलं नाही. आईच्या मागच्या पायांपासून लांबनं वळसा घालून, सवयीच्या वाटेनं गेल्यासारखं ते थेट भोपळीपाशी गेलं आणि तिच्या कासेत तोंड खुपसून चुरूचुरू प्यायला लागलं. दुसऱ्या बाजूनं तिचं स्वतःचं शिंगरू पीत होतं. भोपळीनं डोळे मिटले.

विजयसिंहाच्या हातातनं खरारा पडला.

"आक्का," गणपतराव सावकाश म्हणाला, "हे तिच्याकडं कशाला जातंय?"

विचारलं होतं. अंबूबाईनं एकदा भोपळीकडं बघितलं, एकदा आभाळाकडं. खोटं बोलायचं म्हटलं तर जीभ तयार होती, नाही असं नाही. पण कपाळावरचा गुलाल तापल्यासारखा वाटत होता. तिनं सुपारी थुंकली.

"चांदणी पाजत न्हाई. लाथ घालती. आजपातूर एकबी शिंगरू तिनं वाढवलेलं न्हाई. तिची, हरणीची, समद्यांची भोपळीच पाजती. ह्या पागेतलं जे जनावर पळालं ते हिच्या दुधावर पळालं. झालं समाधान?"

विजयसिंहानं डोळे मिटून घेतले. आता गेलीच भोपळी.

गणपतराव गॉगल कपाळावर चढवून जरा वेळ बघत राहिला. मग मोठ्यानं हसला. "म्हंजे ही दाई म्हणा की. मला वाटलं, काय तरी खोड हाय चांदणीत. आक्का, राणीनं कधी दूध पाजल्यालं ऐकलंय का? राणीला दाया असत्यात. राणी न्यायची का दाई न्यायची, तुम्हीच सांगा."

"सांगू?" अंबूबाई म्हणाली.

"नको नको, निवड माझी हाय," असं म्हणून त्यानं चांदणीचा दोर सोडला.

अंबूबाई भिंतीला टेकली. खरं सांगून जिंकायची तिला सवय नव्हती. चांदणी टेम्पोत चढली ती मिरवणुकीत चढल्यासारखी. शिंगराकडं तिनं मागं वळून बघितलं नाही, पण अंबूबाई मात्र उगीचच टेम्पोपर्यंत गेली. दिसायला काय जनावर होतं. चांदणी बावड्यातनं निघाली की लोक बघायला दुकानातनं बाहेर यायचे. तिनं चांदणीच्या मानेवर हात फिरवला, आणि चांदणीनं सवयीप्रमाणे कान मागं टाकले.

"शिंगरू ऱ्हाऊ दे हितंच," गणपतराव म्हणाला. "तुमच्या दाईवर वाढू दे."

विजयसिंह आणि गणपतराव टेम्पोचं फाळकं लावायला गेले. तेवढ्यात जीपमधनं हाक आली. "अंबू, जरा हिकडं ये."

अंबूबाई काचेपाशी गेली. धोंडुबाईची नजर अजून भोपळीवर होती. एका वेळी दोन शिंगरं पाजून घोडी जागची हलली नव्हती.

"माझ्या थोरल्या जावेला दूध न्हवतं," धोंडुबाई म्हणाली. "धाकटीला असून नसल्यासारखं. आमच्या घरातली सात पोरं माझ्या अंगावर प्याली. ह्यो गणपा त्यातलाच एक, जावेचा. मी वाढवला म्हणून मला आई म्हणतोय."

अंबूबाईला हे ठाऊक नव्हतं. तिनं जीपच्या दारावर कोपर टेकलं.

"माझ्या हातात असतं तर मी हिला नेली असती," धोंडुबाईनं भोपळीकडं हनुवटी केली. "डोळं झाकून."

"मग लेकाला सांगितलं का न्हाईस?"

"मला कुणी इचारलं?"

दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. मग धोंडुबाईचं पोट आधी हललं, मग अंबूबाईचं, आणि त्या हसल्या ते आवाज न करता, टेम्पोपर्यंत जाणार नाही अशा बेतानं.

"पुढल्या साली चांदणी व्याली की शिंगरू धाडून देते तुझ्याकडं," धोंडुबाई डोळे पुसत म्हणाली. "पाजंल न्हवं भोपळी?"

"पाजंल की. पर त्या बदल्यात तुमच्या पागेतली एक घोडी न्हेणार. माझ्या निवडीची."

"ये. गुलाल मी आणून ठेवते," धोंडुबाई म्हणाली. "आणि इचारायचं ते नीट इचार."

जीप गेली, मागनं टेम्पो गेला. चांदणीची पांढरी शेपटी वळणापर्यंत दिसत होती. विजयसिंह हात झटकत आला, छाती पुढं काढून. कुणी काही म्हणायच्या आत त्यानं आईला विचारलं, "मग? म्हटलं न्हवतं, चांदणीच न्हेणार म्हणून? व्यवहार कसा काय झाला माझा?"

वर्षाराणी तोंडाला पदर लावून भोपळीच्या आड गेली. अंबूबाईनं लेकाकडं बघितलं. मग पदराचं टोक घेतलं, भोपळीच्या पाण्याच्या बादलीत बुडवलं, कपाळावरचा गुलाल चांगला घासून पुसला, आणि कुठं राहिला नाही ना ते बोटानं चाचपून बघितलं.

"लई ब्येस केलास, बाळा," ती म्हणाली. "तुझ्यावानी शाना न्हाई."